चारला तीनची खिडकी

थॉर्किलने उभा जन्म आमच्या बिलुन्द गावच्या कारखान्यात खिडक्या तपासण्यात घालवला. खेळण्यातल्या विटांच्या खिडक्या हो, खऱ्या नव्हेत. शेजारच्या टेबलावर मी दारं तपासायची. एखादी चौकट केसभर वाकडी निघाली की हा असा हळहळायचा, जणू त्या घरात आता पाऊसच शिरणार. निवृत्त झाल्यावर तरी सुटेन म्हटलं, तर घरंही शेजारी-शेजारी.

गेल्या हिवाळ्यात त्याची बायको बोडिल बर्फावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. जिना बंद. थॉर्किलने रस्त्याकडची, सायकली ठेवायची खोली तिच्यासाठी रिकामी केली. पण त्या खोलीला खिडकीच नव्हती.

बोडिलने दवाखान्यातून फर्मान काढलं, "खुर्चीत बसले की रस्ता दिसला पाहिजे, आडवी झाले की आभाळ. नाहीतर मी सरळ वृद्धाश्रमात जाते."

नगरपालिकेने तिथली जागा सोमवारपर्यंत राखून ठेवली होती. बोडिल उगाच धमक्या देणाऱ्यातली नव्हे. थॉर्किलची झोप उडाली.

त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर खेळण्यातल्या विटांची खोली बांधली, तिला खिडकी बसवली आणि बुटांच्या खोक्यातून दवाखान्यात नेली. बोडिलने एक डोळा मिटून आत पाहिलं आणि म्हणाली, "हीच." मोगेन्स गवंड्याने त्या नमुन्याला पट्टी लावून माप घेतलं आणि भिंत फोडली. खिडकी मागवली थॉर्किलने, फोनवरून, छाती फुगवून.

ती आली गुरुवारी. भोकात धरली तर रुंदीला चपखल, उंचीला हातभर नाही तरी चांगली वीतभर कमी.

"काय रे, किती सांगितलंस दुकानदाराला?" मोगेन्सने विचारलं.

"रुंदी तू मापलीस तीच, आणि आकार चारला तीन. आपली चारला तीनची खिडकी!"

मी कपाळावर हात मारला. कारखान्यात त्या खिडकीचं नावच ते, विटेवरच्या चार गुंड्यांइतकी रुंद आणि तीन विटा उंच. पण गुंडीची जागा आठ मिलिमीटर आणि विटेची उंची साडेनऊच्या वर. म्हणजे ती खिडकी जवळजवळ चौरस. दुकानदाराने मात्र उंची रुंदीच्या पाऊणपट धरली. हे थॉर्किलला ठाऊक नव्हतं? अहो, झोपेत विचारा! पण तोंडात नाव बसलं की डोकं सुट्टीवर जातं. अख्ख्या डेन्मार्कात ही चूक फक्त आमच्याच गावात होऊ शकते.

"नवी यायला महिना लागेल," मोगेन्स म्हणाला. "खालून भरू की वरून?"

खालून भरलं तर रस्ता गेला, वरून भरलं तर आभाळ. थॉर्किल बादली पालथी घालून तिच्यावर बसला. "गेर्डा, ती गेली तर मी या घरात काय करू गं?" तो मला म्हणाला. मी कॉफी ओतली.

कॉफी निवत होती आणि हा नमुन्यातली खिडकी काढून बोटांत फिरवत बसला होता. फिरवता फिरवता त्याने ती उभी केली. खेळण्यात उभी आणि आडवी यांत फरक एका चपट्या विटेचा, जेमतेम तीन मिलिमीटर, बास. त्याने मान वर करून खऱ्या खिडकीकडे पाहिलं. "मोगेन्स, हिला उभी कर!"

"बाजूंना फटी राहतील."

"विटा आहेत ना? खऱ्या!"

"आणि खालून अजून अर्धी वीत फोडावी लागेल."

"मग फोड की, बाबा! बिअर माझ्याकडून!"

मोगेन्स शिव्या घालत लागला कामाला. शनिवारी खिडकी उभी राहिली. ताडमाड, बाजूंना नव्या विटांचे पट्टे. दिसायला सुंदर होती म्हटलं तर खोटं ठरेल.

रविवारी बोडिलला चाकांच्या खुर्चीतून आणलं. थॉर्किलने चुकीची सगळी कथा एका दमात सांगून टाकली आणि टोपी चुरगाळत उभा राहिला. तिने खुर्चीतून रस्ता पाहिला. आम्ही तिला पलंगावर आडवं केलं, तिने वर पाहिलं. मी मनातल्या मनात वृद्धाश्रमाला शिव्या घालत होते.

"थॉर्किल," ती शेवटी म्हणाली, "हिला पडदा लावू नकोस हं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना कळू दे, मी घरी आले म्हणून."