रेकॉर्डवर न मावलेली ओवी

आटपाडीच्या स्टँडवर आम्ही सहा जण ढोल पोत्यात गुंडाळून एसटीची वाट बघत उभे होतो. मुंबईच्या एका कंपनीला आम्हा धनगरांच्या ओव्यांची मोठी रेकॉर्ड काढायची होती. गाणारे आमचे तात्या, माझे चुलते. मी त्यांच्यामागं ओळ उचलून झील धरणारा, विशीतला पोरगा. दुष्काळातनं वाचलेली मेंढरं सोडून आबांना, माझ्या वडलांना, येता येईना. ते स्टँडवर आले आणि एवढंच म्हणाले, "ओवी आर्धी सोडू नगा. देवाला बोलवायचं आन् मधीच उठायचं, आसं करू नगा."

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनो, त्या दिवसांतली भीती मी कुणाला सांगितली नव्हती. आता सांगतो.

स्टुडिओच्या भिंतींना गाद्यांसारखं काहीतरी लावलेलं होतं. आमच्या माळावर हाक मारली तर ओढ्यापलीकडनं ती परत येते. इथं आवाज तोंडातनं निघाला की जागीच विरायचा. रेकॉर्डिस्ट भला माणूस. त्यानं समजावलं की रेकॉर्डच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटंच मावतात. आमच्या देवाची, बिरोबाची ओवी दिवेलागणीला सुरू होते आणि उजाडल्यावर संपते. तात्या बराच वेळ ढोलाच्या दोरीशी चाळा करत बसले. ते उठून चालायला लागतील असं मला वाटलं. मला तेच हवं होतं. पण ते म्हणाले, "माजा गळा किती दिस टिकंल? ऱ्हाईल तेवढं ऱ्हाऊ दे."

दार बंद झालं, लाल दिवा लागला. ओवीतला देव अजून तान्हा, रानात एकटा, तिथवर तात्या आले आणि काचेपलीकडनं रेकॉर्डिस्टचा हात वर झाला. टेक ओके. सगळे हसत होते. मला मात्र ते पोर रानात टाकून आल्यासारखं झालं.

रेकॉर्ड गाजली. पेपरात लेख आले, शिकलेली माणसं तात्यांच्या पाया पडली. कंपनीनं मला गोडाऊनला लावून घेतलं. बाकीचे परत गेले, मी परळला एका खोलीत आठ जणांत राहिलो. दुपारच्या सुट्टीत चहाला 'कटिंग' म्हणायला शिकलो, 'व्हय'चं 'हो' झालं. चार महिन्यांनी गावच्या शाळेतल्या मास्तरांच्या हातचं पत्र आलं. तात्यांचा आवाज गेला होता. सांगलीच्या डॉक्टरांच्या औषधानंही गुण आला नव्हता. हे ओवी अर्धी सोडल्यामुळंच, असं मनानं घेतलं. पुढं प्रत्येक पत्र फोडायला मी दिवस दिवस लावी. दोन वर्षं गावाकडं फिरकलो नाही. आबा काय म्हणतील, याचीच भीती.

शेवटी दसऱ्याला गेलो. आईनं भाकरी वाढता वाढता सांगितलं ते असं. आमची रेकॉर्ड रेडिओवर लागली, तेव्हा सगळा धनगरवाडा देवळापुढं जमला होता. ओवी मधेच थांबली आणि निवेदिका बोलायला लागली. मग आबांनी रेडिओ बंद केला, ढोल ओढला आणि तिथनं पुढं गायला सुरुवात केली. आवाज गेलेले तात्या शेजारी बसून झांज वाजवत होते. सकाळी मेंढरं सोडायची वेळ झाली तेव्हा ओवी पुरी झाली.

मी आबांपुढं जाऊन उभा राहिलो. मान वर होत नव्हती. त्यांनी मला खाली बसवलं.

"तुमी म्हनला तेवढं चांगलं म्हनलाय," ते म्हणाले. "तात्याचा गळा वयानं गेला. देव आसा दावा धरत न्हाई. पर म्होरलं शिकायचं आसंल तर हितं यावं लागंल."

मी दर दसऱ्याला जात राहिलो, थोडं थोडं शिकत. आबा गेले तेव्हा निम्म्याच्या थोडं पुढं पोचलो होतो. उरलेली ओवी आता गावात दोघांनाच येते आणि दोघंही थकलेत. मुंबईत माझं घर आहे, नातवंडं आहेत. तरी दसरा जवळ आला की ते दोघे आहेत ना, हे मी आधी फोन करून विचारतो. फोन उचलेपर्यंत रिंग मोजत बसतो. मग बॅग भरतो.