एक घर सरकलेली उत्तरं

क्लासेसनी गजबजलेल्या नोरयांगजिनमध्ये मी एकवीस वर्षं सरकारी परीक्षेच्या पोरांना खोल्या देतेय. खाट आणि टेबल मावलं की खोली भरली. भात आणि किमची माझ्याकडून, हवी तेवढी. कोण पास होणार आणि कोण नुसतं बाकावर बसून म्हातारं होणार, हे मी चेहरा बघून सांगते, अशी फुशारकी मी मारत असे. आता मारत नाही.

सोरा ओक आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. आई दूर समुद्रकाठच्या थोंगयंगला, कालवं सोलणारी. पोरगी गोड, पण लक्ष बारा गावं हिंडणारं. नूडल्स शेगडीवर ठेवून अंघोळीला जायची. चष्मा फ्रीजमध्ये अंड्यांशेजारी सापडायचा.

"अगं, डोकं मानेला चिकटलंय म्हणून बरं, नाहीतर तेही बसमध्ये विसरली असतीस!" मी खेकसायची.

"चुकले, मावशी." दिवसातून दहा वेळा.

तीनदा नापास झाली. आईनं फोनवर विचारलं तेव्हा मी स्पष्टच सांगितलं, "हुशार आहे हो, पण आळशी."

चौथ्या वर्षी मात्र कमाल झाली. परीक्षेच्या संध्याकाळी बरोबर उत्तरं जाहीर झाली, सोरानं ती प्रश्नपत्रिकेवरच्या आपल्या खुणांशी ताडून पाहिली. सरासरी त्र्याण्णव! आईनं कालवांची पेटी पाठवली, अख्ख्या मजल्यानं ओरपली.

निकाल लागला आणि सोरा नापास. चार विषयांत नव्वद किंवा त्याहून जास्त, इंग्रजीत पंचवीस. एका विषयात चाळीसच्या खाली गेलात की बाकीचे चार कुणी बघत नाही.

"उत्तरं तपासणारं मशीन बिघडलं असणार!" मी म्हटलं. आम्ही संगणकावर तिच्या उत्तरपत्रिकेचं चित्र उघडलं. मशीन ठणठणीत होतं. चौथा प्रश्न तिनं नंतर सोडवू म्हणून सोडला होता, पण गोळे काळे करताना चौथी ओळ सोडायला विसरली. पाचव्याचं उत्तर चौथ्यात, सहाव्याचं पाचव्यात, थेट शेवटपर्यंत. मग चौथा सुटला, तेव्हा त्याचं उत्तर न बघता उरलेल्या विसाव्या ओळीत.

आळशी माणूस वीसपैकी एकोणीस उत्तरं बरोबर काढतो होय? हे दुसरंच काहीतरी होतं, आणि ते चार वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं.

"आपण मनाच्या डॉक्टरकडे जाऊ," मी म्हटलं.

आईला कळवलं, तर ती फोनवर किंचाळली, "वेड्यांच्या डॉक्टरकडे? कागदावर चढलं तर नोकरी कोण देईल तिला? माझी पोरगी वेडी नाही!"

तरी गेलो. दोन तास तपासण्या झाल्या. पडद्यावर ठरावीक आकृती आली की बटण दाबायचं, ऐकलेले आकडे उलटे म्हणायचे. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "विचार करण्यात शंभरातल्या पहिल्या पाचांत. लक्ष टिकवण्यात शेवटच्या पाचांत. हे लहानपणापासूनचं आहे, आळस नाही. औषधानं बराच फरक पडतो."



सोरा रडली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, मग इतकी वर्षं मी माफी कशाची मागत होते?"

माफी मागायला लावणाऱ्यांत मी सगळ्यांच्या पुढे होते.

दवाखान्याच्या पायरीवर बसून तिनं आईला स्पीकरवर फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे सुऱ्यांचा, पाण्याचा आवाज. मग आईचा हात थांबला असावा.

"तुझ्या बाबांनी तीन बोटींवरची कामं घालवली, सोरा," ती म्हणाली. "जाळं पाण्यात सोडायचे आणि दोर बांधायलाच विसरायचे. हुशार माणूस गं. मी त्यांना नालायक म्हणायची. दवाखान्यात शेवटचा श्वास घेईपर्यंत म्हणत राहिले."



"गोळ्या घे," आई म्हणाली. "आजपासूनच घे."