ऑक्टोबरची एल

लातूर जिल्हा नवाच झाला होता. नव्या कचेरीत माझी बदली झाली आणि मी किनवटहून आईला घेऊन आलो. तिकडं जंगल, इकडं नळाला नुसती फुसफुस. त्या साली पावसानं पाठ फिरवली होती. गल्लीत टँकर आला की शेजारधर्म संपायचा.

मला तेव्हा एक खूळ लागलं होतं. रद्दीत एक जुनं इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. विलायतेतल्या जमीनदारांच्या वाड्यांतून पूर्वी कडक एल, म्हणजे जवाची काळपट, जड दारू, कशी करत ते त्यात लिहिलं होतं. ती ऑक्टोबरातच आंबवायची आणि वर्षभर मुरू द्यायची. तीत घालायची हॉप्सची कडू फुलं काश्मिरातल्या मित्रानं धाडली. जवाला मोड मात्र घरीच आणायचे होते. मी अंघोळीचं पाणी निम्म्यावर आणलं आणि मागच्या खोलीत टोपलीभर जव ओल्या पोत्याखाली घातले. शेदोनशे वर्षांपूर्वीची चव कशी होती, एवढंच मला बघायचं होतं. बरं, थोडं पिणंही होतं.

ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडं नवरात्र. माहूरची रेणुका आमची कुळदेवी. लातुरात आईनं पहिल्यांदाच घट बसवला, पण पेरलेला गहू पाचव्या माळेलाही पिवळा आणि विरळ. घट जसा येतो तसं वर्ष जातं, असं आम्ही मानतो. आईचं जेवण तुटलं.

"गाव सोडलेलं तिला पटलं न्हाई," म्हणाली. तिला म्हणजे देवीला.

मी समजूत घालायला गेलो की ती भिंतीकडं तोंड करायची. मला भीती वाटू लागली. दुष्काळ आज ना उद्या सरेल, पण हे तिच्या मनात बसलं तर ती या गावात कधीच रुजायची नाही.

त्याच दुपारी ती केरसुणी शोधत मागच्या खोलीत गेली आणि तिनं पोतं उचललं. दाण्यादाण्याला जोमदार मोड.

"माह्यासाठी दुसरा घट घालून ठेवलास व्हय रे?" टोपलीपुढं बसत तिनं मला विचारलं.

मोड दाण्याएवढा झाला की लगेच वाळवावा लागतो, नाहीतर सगळी गोडी पात्यात जाते आणि दारू होत नाही. वाळवायचा दिवस नेमका तोच होता.

"हाव," मी म्हणालो.

तिनं टोपली देवापुढं नेली, तीत माती पसरली, हळदकुंकू वाहिलं. संध्याकाळी दोन भाकरी खाल्ल्या. दसऱ्यापर्यंत जव हिरवेगार झाले. सगळी गल्ली बघायला आली आणि जो तो चार पाती टोपीत खोवून गेला. माझी एल गावभर टोप्यांत मिरवत होती. चुटपुट लागली, खोटं कशाला बोलू.

शेवटी आईनं माझ्या कानावर तुरा खोवला. मी पाया पडायला वाकलो तशी हळूच म्हणाली, "पुढल्या साली दोन टोपल्या घाल. एक देवीची, एक तुह्या दारूची."