गरगरीचं चाक

फिरणारी कुठलीही वस्तू तिला लहानपणापासून सोसायची नाही. बागेतला फिरता पाळणा, गोल जिना, छताचा पंखा, इतकंच काय, चहात साखर ढवळणारा चमचा जरा जास्त वेळ पाहिला तरी तिचं डोकं गरगरायचं. भावाने तिचं नाव गरगरी ठेवलं आणि ते असं चिकटलं की खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलं. अशा मुलीने प्रेमात पडावं कुणाच्या? तर कुंभाराच्या! भाऊ हसून हसून लोळला. "अगं, त्या घरात जेवणाचं टेबल सोडलं तर सगळं फिरतं!"

पण नवरा आवडला होता, त्याला ती तरी काय करणार?

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी नवऱ्याने मोठ्या ऐटीत तिला आपल्या विजेच्या चाकाशी उभं केलं, मातीचा गोळा त्यावर आपटला आणि म्हणाला, "आता बघ गंमत." तिने बघितली. पुढची गंमत नवऱ्याने बघितली, कारण ती भोवळ येऊन थेट ओल्या कपांच्या फळीवर बसली होती. बावीस कपांच्या बावीस चकत्या झाल्या. तिने कानाला खडा लावला, पुन्हा म्हणून चाकाकडे पाहायचं नाही.

त्यानंतर अकरा वर्षं ती कारखान्यात चाकांकडे पाठ करून वावरली. माती मळायचं काम तिचं. ती अशी मळायची की आत हवेचा एक बुडबुडा राहायचा नाही, कारण राहिला तर भट्टीत भांडं फुटतं आणि शेजारच्या चार भांड्यांनाही घेऊन जातं. घडवलेले कप सुकून जरा घट्ट झाले की त्यांना कान लावायचे तिनेच, झिलईत बुडवायचे तिनेच, भट्टीत रचायचेही तिनेच. "अख्ख्या गल्लीचे कान माझ्या हातात आहेत," असं ती ठसक्यात सांगायची.

पण खरं सांगायचं तर तिला चाकावर बसायचं होतं. फार बसायचं होतं. लोण्यासारखा मळलेला गोळा दुसऱ्याच्या हाती देताना दर वेळी तिची बोटं तो लवकर सोडायची नाहीत.

आतल्या खोलीत खिडकीशी सासऱ्यांचं जुनं चाक होतं, खालच्या जड तबकडीला पायाने लाथ मारून फिरवायचं. यंदा सासऱ्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि डॉक्टरांनी लाथ मारायला सक्त मनाई केली. नवऱ्याला ते चाक नको होतं. मग सासऱ्यांनी शाळेच्या चित्रकलेच्या मास्तरांना कळवून टाकलं, "गुरुवारी चारला या आणि घेऊन जा." हे ऐकलं तेव्हा गरगरी कान लावत होती. तिने एकाच कपाला तीन कान लावले.

गुरुवारी दुपारी नवरा भट्टीची लाकडं आणायला गेला आणि सासरे बाहेर आडवे झाले. तीन वाजले होते. गरगरीने गोळा घेतला, साडी खोचली, सासऱ्यांच्या चाकावर बसली आणि डोळे गच्च मिटले. दिसलंच नाही तर गरगरेल कसं?

पहिला गोळा भिंतीवर गेला. दुसरा तिच्या मांडीवर आला. तिसरा मात्र तिने पाण्याच्या हाताने दोन्हीकडून धरला, कोपरं पोटाशी रोवली आणि लाथ घातली. माती तळव्यांना ढुशा देत होती, हट्टी पोरासारखी. ती दाबत राहिली. एक ढुशी, मग बारकी ढुशी, मग काहीच नाही. तिला वाटलं, चाक थांबलं. वैतागून तिने डोळे उघडले तर समोर गोळा अगदी स्तब्ध उभा.

"थांबलं की हो मेलं!" ती मोठ्याने म्हणाली.

"थांबलेलं नाही," दारातून आवाज आला. सासरे भिंतीला धरून उभे होते. "माती बसलीय. बरोबर मध्यावर बसली की ती फिरताना दिसत नाही. बोट लाव."

तिने बोट लावलं. बोटाखालून माती सरसर पळत होती, आणि डोकं जागच्या जागी होतं. तिला इतका आनंद झाला की हसू आवरेना.

"पण मग यांच्या चाकाकडे बघून मला भोवळ कशी आली?"

सासऱ्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्याची माती कायम केसभर बाजूला असते. मी सांगून थकलो. तो म्हणतो, बाबा, तुमचे डोळे गेले."

गरगरीने गोळ्यात अंगठे रोवले. मधोमध खळगा पडला. आतून एक हात, बाहेरून एक हात, आणि भिंत वर चढू लागली. ती चढत असतानाच मास्तर टेम्पो घेऊन हजर झाले. लाकडं घेऊन नवराही मागोमाग आला आणि बायकोला चाकावर पाहून मोळीसकट दारात उभा राहिला.

"चाक न्यायला आलो होतो," मास्तर म्हणाले.

"न्या की," सासरे म्हणाले, "पण आता आमच्या सूनबाईंसकट न्यावं लागेल. आणि ती काही यायची नाही."

मास्तर रिकाम्या टेम्पोने परत गेले. हात रिकामे नकोत म्हणून सासऱ्यांनी त्यांना तीन कानांचा कप दिला.

केसभराची गोष्ट कानावर आल्यावर संध्याकाळी नवऱ्याने आपल्या चाकावर गोळा बसवला. अकरा वर्षांत पहिल्यांदा गरगरी त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली, खांबाला धरून.

"गरगरतंय?" त्याने जरा फुरंगटूनच विचारलं.

"हो."

त्याने तळहाताने दाबलं. "आता?"

"थोडं."

त्याने श्वास रोखून पुन्हा दाबलं. तिने खांब सोडला.

"आता नाही," ती म्हणाली.