ठकूबाईचा डबा

आधीच सांगून टाकते. मी नर्स आहे. शवागाराची किल्ली कमरेला लटकवून कँटीनच्या रांगेत चहासाठी भांडलेली बाई आहे मी. इतकी वर्षं वॉर्डात काढली, पण मेलेल्या माणसानं मला कधी त्रास दिला नाही... जो दिला तो जिवंत नातेवाइकांनी. त्यामुळे इथे ग्रुपवर लोक सावल्या, पैंजण, पांढऱ्या साडीतल्या बायका असलं काही लिहितात, तेव्हा माझे पहिले प्रश्न ठरलेले असतात — बीपी बघितलं होतं का? झोप झाली होती का? हे प्रश्न स्वतःला विचारून झालेत, मगच लिहायला बसले आहे.

जागा वेल्हे. तोरण्याखालचं तालुक्याचं गाव — तहसील कचेरी, लहानसा बाजार, एसटी स्टँड आणि शनिवार-रविवारी पुण्याहून येणारे ट्रेकवाले. कचेरीमागच्या आळीत मी एक खोली भाड्यानं घेतली होती. आमचं घर तसं कामथडीला, हायवेला लागूनच. तिथे माझा धाकटा भाऊ, भावजय, त्यांची दोन पोरं. तरी मी वेल्ह्यात का राहिले? कारण मला परीक्षेचा अभ्यास करायचा होता, आणि कामथडीच्या घरात मधल्या खोलीत आईची कॉट अजून तशीच होती. त्या खोलीतून ये-जा करणं मला जमत नव्हतं.

आई गेली तेव्हा मी आखातात, एका हॉस्पिटलच्या आयसीयूत नोकरीला होते. भावाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिचा श्वास थांबत थांबत चालला होता. मी तिकडून ओरडत होते — ऑक्सिजन वाढव, डॉक्टरला परत बोलाव, उशी उंच कर... तो बिचारा सांगेन ते करत होता. मग कधीतरी त्यानं फोन कॉटवर ठेवला आणि मला नुसतं छत दिसत राहिलं. रजा मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर गेले. मेसमध्ये बिर्याणी होती, ती खाल्ली. रडू आलं नाही, नंतरही कधी आलं नाही. लोक म्हणाले, नर्स आहे, सवय असेल. मीही तसंच म्हणत गेले.

पुढे नोकरी सोडून परत आले आणि अमेरिकेच्या नर्सिंग लायसन्सच्या मागे लागले. पहिल्या खेपेला नापास झाले. या परीक्षेत पाठांतर कामाला येत नाही. एक पेशंट देतात, हळूहळू त्याची हकिगत उलगडत नेतात, आणि विचारतात — यातली काळजीची लक्षणं कोणती? त्यांचा अर्थ काय? आधी काय कराल? केल्यावर फरक पडला का? याला म्हणतात क्लिनिकल जजमेंट. बाकी सगळं मला यायचं. फक्त एका प्रकारात माझी गाडी अडायची. पेशंट शेवटच्या टप्प्यात आहे, आता औषधोपचार नकोत, नुसता आराम द्या असं घरच्यांनी ठरवलंय, आणि आता नर्सनं काय करायचं? उत्तर मला माहीत असायचं. तरी बोट दुसऱ्याच पर्यायावर जायचं — ऑक्सिजन वाढवा, डॉक्टरांना तातडीनं बोलवा. दर वेळी चूक. पुन्हा नापास झाले असते तर परदेशी पाठवणाऱ्या एजन्सीनं नाव काढून टाकलं असतं, आणि मला इथून जायचं होतं. इथे माझं थांबण्यासारखं काही उरलं नव्हतं.

प्रश्नांतल्या पेशंटला नाव नसतं, नुसतं 'क्लायंट, वय ६८'. ते माझ्या डोक्यात बसेना. म्हणून मी नावं देऊन टाकली. शुगरचा पेशंट आला की तो जनार्दन आण्णा. दम्याचा आला की गेनूभाऊ. आणि हार्टची पेशंट ती ठकूबाई, मुक्काम विंझर. विंझर का, तर येता-जाता एसटी तिथे थांबायची आणि पाटी दिसायची, एवढंच. आमच्यात ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला पेशंटची सगळी माहिती द्यायची असते, त्याला 'ओव्हर देणं' म्हणतात. ओव्हर दिली की पेशंट तिचा, आपण मोकळ्या. तर मी रोज दुपारी प्लास्टिकची रिकामी खुर्ची समोर ठेवून मोठमोठ्यानं ओव्हर द्यायचे. "ठकूबाई, पायांवर सूज आहे, आडवं पडलं की दम लागतो, वजन वाढलंय, जेवण अळणी..." घरमालकीण शेवंताकाकू दुपारी रानात असायच्या. खुर्ची ऐकून घ्यायची. दिवसभरात मी दुसऱ्या कुणाशी बोलायचे नाही. कधीकधी संध्याकाळी दूध आणायला गेले की माझाच आवाज मला घोगरा वाटायचा.

अशाच एका दुपारी दारात एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. टोपी, लेंगा, हातात फडक्यात बांधलेला डबा.

"ठकूबाईचा डबा आणलाय. हितंच हाय न्हवं?"

"कुठली ठकूबाई?"

"आता कुठली... तुमच्याकडंच हाय की. मगाशी तुमीच सांगत व्हता, पाय सुजल्यात म्हनून."

मला हसू आवरेना. म्हटलं, आजोबांनी रस्त्यावरून ऐकलं आणि खोलीला दवाखाना समजले. मी त्यांना आत बोलावून पाणी दिलं आणि नीट समजावलं — ही परीक्षेची तयारी आहे, ठकूबाई वगैरे कुणी नाही, मीच बनवलेली आहे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं बरं," म्हणाले. "मीठ न्हाई घातलं बगा. तुमी सांगितल्यावानी." आणि डबा खुर्चीवर ठेवून चालते झाले.

डब्यात नाचणीची भाकरी आणि मुगाचं कालवण होतं. खरंच अळणी. मी नर्स आहे, अनोळखी माणसानं दिलेलं खाऊ नये हे मला कळतं. पण कितीतरी दिवस मी मॅगी आणि पाव खात होते. वरून मीठ भुरभुरवलं आणि सगळं संपवलं.

ते परत आले. रिकामा डबा न्यायचे, भरलेला ठेवायचे. रोज नाही, मनाला येईल तसे. "कशी हाय?" असं विचारायचे. सुरुवातीला मी म्हणायचे, आजोबा, अहो कुणी नाहीये. मग एकदा सहज बोलून गेले, "आज दम कमी आहे." त्यांचा चेहरा असा काही सैल झाला की पुढच्या वेळी मी अख्खी ओव्हरच दिली. ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ऐकायचे, मधेच "पानी मोजूनच द्यायचं ना अजून?" असं विचारायचे. कुठले म्हटलं तर "विंझरचा." ठकूबाई तुमची कोण म्हटलं तर "आपलंच मानूस."

हे वेडेपणाचं होतं, मान्य. पण खरं सांगते, मी त्यांची वाट बघायला लागले होते. त्या काळात मी कशी आहे हे कुणी विचारत नव्हतं. ठकूबाई कशी आहे हे तरी कुणीतरी विचारत होतं. मला तेवढं पुरायचं.

परीक्षेआधी पुण्यातल्या क्लासमध्ये मोठी मॉक टेस्ट होती. सकाळच्या एसटीनं गेले. कंप्युटरवर एकामागून एक केसेस येत गेल्या आणि शेवटाकडे ती आलीच. बाई, वय ६८, हार्ट फेल्युअर. उपचार थांबवलेले, नुसता आराम. पाय गार, त्यांवर निळसर डाग, श्वास थांबत थांबत चाललाय. मुलगी उशाशी उभी राहून म्हणतेय, काहीतरी करा ना. नर्सनं आधी काय करावं?

माझं बोट ऑक्सिजनवर गेलंच होतं. कितीतरी वेळ तिथेच राहिलं. मग मी ते काढलं आणि चौथा पर्याय निवडला — मुलीला खुर्ची द्यावी, काय होतंय ते तिला सोप्या शब्दांत सांगावं, तिचा हात आईच्या हातात द्यावा. तोंडानं मी एक शब्दही बोलले नाही. भोवती सगळे हेडफोन लावून बसलेले. मी 'नेक्स्ट' दाबलं आणि मनात एवढंच आलं, गेली बाई ठकूबाई.

परतीच्या एसटीत कुणाला फोन केला नाही. नसरापूरला उतरले असते तर तिथून कामथडीला भावाकडे जाता आलं असतं, तीही इच्छा झाली नाही. विंझर आलं, गेलं. वेल्ह्यात उतरले तेव्हा उन्हं तोरण्यामागे चालली होती. आळीत वळले तर माझ्या उंबऱ्याशी ते बसलेले. शेजारी शेवंताकाकू, पदर डोक्यावर घेऊन. मला बघून काकू उठल्या आणि माझा हात धरला.

"कोन गेलं वं तुमचं? म्या रानातनं आले तवाधरनं ह्ये बसल्यात, काय बोलंनात."

मी आजोबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "आज चूल पेटवू नका, बाई."

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे घरात माणूस गेलं की त्या दिवशी त्या घरात स्वयंपाक होत नाही. भावकीतले, शेजारचे पिठलं-भाकरी करून आणतात आणि जवळ बसून घरच्यांना बळंच दोन घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. त्यांनी फडकं सोडलं. आत पिठलं आणि भाकरी होती.

"मी कुणाची कोण?" मी म्हटलं. "मला कशाला?"

"ह्यात मीठ हाय," ते म्हणाले. "आता पथ्य कुनाचं? खा. का भरवू?"

मी पहिला घास घेतला. काकूंनी पाठीवर हात ठेवला आणि मग जे रडू आलं... मी असं कधी रडले नव्हते. आळीतल्या बायका जमल्या. मी आई, आई म्हणत होते म्हणे. मला ते आठवत नाही. तोंड धुऊन बाहेर आले तर आजोबा निघून गेले होते. काकू म्हणाल्या, तुमी नीट खाल्लंत ते बगितलं न् मग उठले. त्यानंतर ते कधीच आले नाहीत. डबा माझ्याकडेच राहिला.

मी विंझरला जाऊन आले. दुकानांत विचारलं, पारावर विचारलं, वर्णन सांगितलं. ठकूबाई नावाची एक म्हातारी निघाली, पण ती ठणठणीत, तिनं उलट मला तिचे गुडघे दाखवले. त्या माणसाला कुणी ओळखेना. एखादा डोक्यानं जरा कमी असलेला माणूस माझं बोलणं ऐकून येत असेल, असं मी स्वतःला पटवून दिलं होतं. पण पुण्यात मी मुकाट्यानं दाबलेलं बटण त्याला वेल्ह्यात कसं ऐकू आलं? आणि काकूंनी त्याला बघितलेलं आहे, म्हणजे भास म्हणायचीही सोय नाही.

परीक्षा झाली. पास झाले. पेढे घेऊन कामथडीला गेले आणि मधल्या खोलीत आईच्या कॉटवर बसले. भाऊ शेजारी येऊन बसला. हे सगळं मी त्याला अजून सांगितलेलं नव्हतं. सहज म्हटल्यासारखं विचारलं, "आई गेली त्या दिवशी कडू घास कुणी आणला रे?"

"चुलत्याच्या घरनं आला की," तो म्हणाला. "लई जन व्हते. आन एक म्हातारं व्हतं, कुनाचं पावनं काय म्हाईत. तो काय जेवला न्हाई. म्हनला, थोरलीचा वाटा ऱ्हायला, बांधून द्या, मी नेऊन देतो. म्या म्हनलं, आवं, ताई तिकडं परदेशात हाय. तर म्हनला, असू दे, पोचंल. मग दिला बांधून. ध्यानातबी न्हवतं माझ्या."

मग मी त्याला वेल्ह्याचं सगळं सांगितलं. याचं उत्तर तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सांगा, पण बीपी आणि झोपेचं मला विचारू नका.

शेवटी त्यानं एवढंच विचारलं, "जेवलीस न्हवं पन?"

"जेवले," मी म्हटलं.