गिटारच्या आड येणारी मुलगी

पेन्सिलीने गुंडाळताना कॅसेटची फीत उन्हात तपकिरी चकाकली. आमच्या लाडक्या रॉक बँडला कुणी ओळखत नव्हतं, तेव्हाचा कार्यक्रम मी पर्समध्ये टेपरेकॉर्डर लपवून चोरून टिपला होता.

कॅसेट लावली, तशी नात म्हणाली, "आजी, ऐन गिटारच्या वेळी कोण किंचाळतेय गं?"

"असेल कुणीतरी बावळट."

बावळट मीच. रेकॉर्डर माझ्याच कुशीत आहे हे विसरून बेंबीच्या देठापासून ओरडले होते. पुढे ज्यांना ज्यांना कॅसेट नकलून दिली, त्यांच्याबरोबर त्या मुलीला साळसूदपणे शिव्याही घातल्या.

आता फीत झिजलीय. गिटार कुठेतरी धुक्यापलीकडे वाजते. ती मुलगी मात्र अजून विशीतच, अगदी कानाशी.

"पुढे ढकलू?" नातीने विचारलं.

"नको, मागे घे. ओरडू दे तिला पुन्हा."