कडू वेलांची वाडी

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, गोदावरीच्या पात्रात वाळू भरणाऱ्या एका ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरने दुसऱ्याच्या वाडीतलं टरबूज चोरून फोडलं. ते कडू निघालं. चूळ भरूनही चव जाईना, तेव्हा तो तोंड वाकडं करत थेट वाडीच्या मालकिणीसमोर येऊन उभा राहिला. मी तिथेच बसलो होतो.

“मावशी, टरबूज कडूजहर हाय तुमचं!”

“चोरून खाल्लं का?”

“एकच घास.”

“मंग कडूच लागंल.”

मी हसलो. ड्रायव्हरही हसला. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी हातातलं खुरपं वाळूत रोवलं आणि त्याच्याकडे पाहत राहिल्या. तो आता पुढे काय म्हणणार, हे त्यांना ठाऊक होतं.

मी तेव्हा जालन्याच्या एका दैनिकात बातमीदार होतो. कचेरी शहरातच, मस्तगड भागात होती. वाळूच्या उपशावर मजकूर करायला घनसावंगी तालुक्याच्या दक्षिण टोकाला, नदीवर गेलो होतो. मावशी साठीच्या. दरवर्षी पाणी ओसरलं की त्या पात्रात उतरत, वाळूत हातभर खोल खड्डे घेत, तळाशी शेणखत घालून टरबूज लावत आणि उन्हाळाभर तीर्थपुरीच्या बाजारात विकत. वाडीच्या कडेला पाचटाची खोप होती. सकाळी तिथे पोचलो तेव्हा नाव-गाव विचारण्याआधी त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली.

“माह्या पावलावर पाय ठिवा. इकडंतिकडं बिलकुल न्हाई.”

वेल तुडवले जाऊ नयेत म्हणून सांगत असतील, असं मला वाटलं. पण वाडी मागे पडली, वेल संपले, समोर नुसती मोकळी वाळू आली, तरी त्या मागे वळून माझे पाय तपासत होत्या. मग थांबल्या.

“काय दिसून राह्यलं?”

“वाळू.”

“अजून?”

“खडे.”

“त्यातले तीन खडे न्हाईत.”

तुम्ही असता तर तुम्हालाही दिसली नसती. मी वाकलो, उकिडवा बसलो, तरी दिसली नाहीत. शेवटी त्यांनी काडी टेकवून दाखवली. माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर तीन अंडी होती, वाळूच्या रंगाची, वर तपकिरी ठिपके. घरटं म्हणावं असं काहीच नव्हतं. पक्ष्याने अंग फिरवून केलेली उथळ वाटी, एवढंच. एक वाटी दिसली आणि मग एकेक करून दिसत गेल्या. पुढे चार पावलांवर तीन. डावीकडे दोन. मी जागच्या जागी उभा राहिलो. पाय कुठे टाकावा हेच कळेना.

डोक्यावर पक्षी ओरडत होते. राखी अंग, काळं डोकं, पिवळी चोच, दुभंगलेली लांब शेपटी. पुस्तकात याला नदी सुरय म्हणतात, हे मला नंतर कळलं. मावशी त्यांना ‘टोपीवाल्या’ म्हणत.

“ह्या टोपीवाल्या माह्या लग्नाच्या आधीपासून इथं येत्यात,” त्या म्हणाल्या. “पहिले दोन्ही काठांनी होत्या. आता एवढ्याच.”

ट्रॅक्टर यायला लागले तेव्हा त्यांनी पहिल्या साली अंड्यांभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं होतं. वाळूत कुंपण दिसल्यावर येणारा-जाणारा आत डोकावू लागला. कुंपणावर कावळे बसू लागले. आठ दिवसांत एक अंडं उरलं नाही.

“खूण केली, तिथंच घात झाला,” त्या म्हणाल्या. “माह्याच हातानं झाला.”

दुसऱ्या सालापासून त्यांनी खूण करणं सोडलं. अंड्यांच्या जागेला वळसा घालून इंद्रावण लावलं. हा रानात आपोआप येणारा कडू वेल. पानं टरबुजासारखी, फळही हिरवं, पट्ट्यापट्ट्यांचं, मुठीएवढं. माणूस खात नाही, कोल्हा हुंगून निघून जातो, आणि टरबुजासारखं घागरीने पाणीही घालावं लागत नाही. लांबून पाहणाऱ्याला मात्र ती टरबुजाची वाडीच दिसे. आपल्याकडे उभ्या पिकात कोणी गाडी घालत नाही. वाळूवाले अंड्यांसाठी थांबले नसते, पिकासाठी थांबले. बाहेरून वळण घेऊन जाऊ लागले. तीन उन्हाळे हे असं चाललं.

चौथ्या उन्हाळ्यात ड्रायव्हरला तहान लागली.

“म्हंजे ते इंद्रावण व्हय? पीक न्हाईच?” तो मावशींना म्हणाला. “मंग मी काहून एवढा फेरा मारून राह्यलो? उद्यापासून सरळ जातो. डिझेल काय फुकट येतं?”

“जाय,” मावशी म्हणाल्या. “पण आधी एकदा माह्या पावलावर पाय ठिव.”

“मला टाइम न्हाई मावशी.”

“टरबूज फोडायला व्हता.”

तो निघाला. पुढे मावशी, मागे तो, त्याच्या मागे मी. तिघे एकाच पावलांवरून गेलो. दुपारचा एक वाजून गेला होता. वेलांच्या आत पोचल्यावर मावशींनी त्याचा हात धरून तळवा वाळूवर टेकवला. त्याने झटक्यात मागे घेतला.

“भाजलं?”

“भाजणार न्हाई तं काय?”

“त्याच वाळूत अंडी हायेत.”

मग त्या खाली बसल्या आणि आम्हालाही बसवलं. थोड्या वेळाने पक्ष्यांचं ओरडणं थांबलं. सगळ्यात जवळच्या अंड्यांवर एक पक्षी पाय ताठ करून, पंख जरा उघडून उभा होता. तो बसला नव्हता. आपली सावली अंड्यांवर धरून होता. चोच उघडी होती, गळा थरथरत होता. पात्रात उरलेल्या धारेवर दुसरा पक्षी उतरला, पोट पाण्यात बुडवून दोनदा अंग हलवलं आणि सरळ इकडे आला. पहिला उडाला. दुसऱ्याने त्याची जागा घेतली आणि ओलं पोट अंड्यांवर टेकवलं. उठला तेव्हा तिन्ही अंडी ओली होती. तेवढ्यात पहिला भिजून परत आला.

किती वेळाने पाळी बदलते, ते मी घड्याळात पाहिलं. चार मिनिटं. पाच. पुन्हा चार. वेलांच्या आत जिकडे पाहावं तिकडे हेच चाललं होतं. जोडीतला एक येत होता, एक जात होता. एकही अंडं क्षणभराच्या वर उघडं पडत नव्हतं. आजवर मी धरणं भरताना पाहिली आहेत, यात्रा पाहिल्या आहेत. असं मात्र कुठेच पाहिलं नव्हतं.

ड्रायव्हरने मावशींना विचारलं.

“दिसभर?”

“दिसभर. अंडी फुटूस्तोवर.”

काठावरून ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. भरणारे मजूर त्याला बोलावत होते. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा तो उठला आणि आलेल्या पावलांवर पाय ठेवत परत गेला. मला तीर्थपुरीहून शेवटची एसटी गाठायची होती. दुसऱ्या दिवशी तो सरळ गेला की वळून, हे मला तेव्हा कळलं नाही.

निघताना मावशींनी एक चांगलं टरबूज माझ्या पिशवीत टाकलं.

“हे गोड हाय, भिऊ नका. ट्रॅक्टरचं लिहा, बराबर लिहा. टोपीवाल्यांचं नका लिहू. तुमचा पेपर म्हंजे काट्याचं कुंपण.”

मजकूर चार दिवसांनी छापून आला. त्यात पक्ष्यांचा उल्लेख नाही.

पुढच्या एप्रिलात मी पुन्हा गेलो. तीर्थपुरीच्या बाजारात मावशी बसत त्या जागी दुसरी बाई टरबुजं घेऊन बसली होती.

“मावशी कुठंय?”

“तुम्हाला ठाव न्हाई? भादव्यात गेल्या. दोन दिसाच्या तापानं.”

त्या पावसाळ्यात नदी दोन्ही काठ भरून वाहिली होती. पात्रात खोप नव्हती, टरबूज नव्हतं, इंद्रावणाचा एक वेल उरला नव्हता. आदल्या वर्षीची चाकोरी पुसून वाळू सपाट झाली होती. उतारावर तोच ड्रायव्हर भेटला. रिकामी ट्रॉली घेऊन खाली निघाला होता. मी मडगार्डवर बसलो.

समोर सरळ मोकळी वाळू होती. त्याने मध्येच स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, मोठा वळसा घेतला आणि पलीकडे पुन्हा धारेकडे वळला.

“मागच्या साली वळण खालच्या अंगाला होतं,” मी म्हणालो.

“ते मागच्या साली.”

“आता तर वेलही नाहीत.”

“रस्ताच असा हाय,” तो म्हणाला आणि गिअर टाकला.

मी उतरलो. वळणाच्या आतल्या वाळूवर चाकाची एकही खूण नव्हती. वर टोपीवाल्या ओरडत होत्या. कडेला उभं राहून मला तीन ठिकाणी अंडी दिसली. पुढे पाय ठेवायला पावलं नव्हती. मी तिथूनच मागे फिरलो.